ऐकणारा फोन

मित्र-मैत्रिणींनो, आज सुरुवातीलाच एक छोटीशी परीक्षा. घाबरू नका, मार्क नाहीत!

तुम्हाला किती फोन नंबर तोंडपाठ आहेत? मोबाइलमध्ये न बघता सांगायचं हं. आईचा? बाबांचा? आजीचा? आणि पुढे? तुमच्या आईला किंवा मामाला विचारा. त्यांच्या लहानपणी फोनला गोल चकती असायची आणि दहा-बारा नंबर सहज पाठ असायचे. आता सगळे नंबर मोबाइलच्या पोटात, त्यामुळे आपल्या डोक्यात एकही नाही!

तर आज एक नंबर पाठ करायचा आहे. सोपा आहे, पाचच आकडे. १४४१६. चौदा, चारशे सोळा. दोनदा मोठ्यानं म्हणा. बसला डोक्यात?

आग लागली की १०१, अपघात झाला की १०८, हे आपल्याला शाळेतच शिकवतात. पण पायाचं हाड न मोडता माणसाचं मनच मोडायला आलं तर? त्याला ताप नाही, जखम नाही, रक्त नाही. पण आतून मात्र 'आता सहनच होत नाही' असं त्याला वाटतंय. अशा वेळी कुणाला हाक मारायची? त्यासाठी हा नंबर आहे.

तुम्ही म्हणाल, "आम्ही तर शाळेत आहोत. आम्हाला कशाला हवाय?" बरोबर आहे. पण तुमचा दादा, ताई, आत्तेभाऊ, शेजारचा अण्णा, कुणीतरी कॉलेजात असेलच की!

ताईचा फोन

समजा, तुमची ताई परभणीहून पुण्याला इंजिनिअरिंगला गेली आहे. दहावीत शाळेत पहिली, बारावीला कॉलेजात दुसरी. गावात सत्कार, पेढे, पेपरात फोटो. पुण्याच्या कॉलेजात गेली आणि पाहते तर काय, वर्गातले साठच्या साठ जण आपापल्या गावचे पहिले-दुसरे! शिकवणं इंग्रजीतून. खोलीतल्या मुली वेगळ्या, मेसची भाजी वेगळी, रोजची सबमिशन्स. त्यात दुसऱ्या वर्षी 'एम-थ्री'ला, म्हणजे गणिताच्या पेपरात, केटी लागली. आयुष्यात पहिल्यांदाच ती नापास झाली.

घरी काय सांगायचं? बाबांनी कर्ज काढलंय. आईनं सगळ्या गल्लीत सांगून ठेवलंय. मग ताई घरी सांगतच नाही. सुट्टीत यायचं टाळते. फोनवर "हो, बरं आहे" एवढंच म्हणते. रात्र-रात्र जागी असते आणि सकाळी तासाला जात नाही. एका रात्री मात्र ती तुम्हाला फोन करते. तिच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान असलेल्या तुम्हाला! आणि म्हणते, "मला आता काही नकोसं झालंय रे. मी नसले तरच सगळे सुटतील. पण हे आईबाबांना सांगायचं नाही. शपथ घे."

काय कराल?

गुपित ठेवणं ही मैत्रीतली मोठी गोष्ट, हे अगदी खरं. वाढदिवसाच्या भेटीचं गुपित ठेवा, क्रिकेटच्या डावपेचांचं ठेवा. पण एखाद्याच्या जिवाला धोका आहे असं सांगणारं गुपित कधीच ठेवायचं नाही. शपथ घेतली असली तरी नाही! ताई चार दिवस रागावेल, अबोला धरेल. धरू दे. रागावलेली ताई पुन्हा हसते.

ही गोष्ट 'समजा'मधली असली तरी देशभर अशा कितीतरी ताया आणि दादा असतात. सरकारी नोंदीनुसार २०२२ या एका वर्षात आपल्या देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. आकडा वाचून घाबरू नका, पण तो विसरूही नका. कारण यातल्या पुष्कळांना वेळेवर कुणीतरी नीट ऐकून घेतलं असतं, तर वाट सापडली असती.

एका चिमुकल्या प्रश्नापायी

नुसतं ऐकून घेतल्यानं काय होतं, हे ज्याला फार लवकर उमगलं, त्या माणसाची गोष्ट ऐका.

१९३५ साली इंग्लंडमधल्या लिंकन शहरात चॅड व्हारा नावाचा एक तरुण धर्मोपदेशक नुकताच कामाला लागला होता. त्याच्या वाट्याला पहिलाच अंत्यविधी आला तो एका १४ वर्षांच्या मुलीचा. तिला मासिक पाळी सुरू झाली होती. ती काय असते, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आपल्याला काहीतरी भयंकर आजार झालाय, असं समजून ती घाबरली आणि तिनं आपलं आयुष्य संपवलं. जी गोष्ट मुलींच्या वाढीत अगदी नैसर्गिकपणे येते, जी एखाद्या आईनं, मावशीनं पाच मिनिटांत समजावून सांगितली असती, तेवढ्यासाठी एक जीव गेला. का? तर विचारायला कुणी नव्हतं म्हणून.

व्हारा ही गोष्ट कधी विसरला नाही. पुढे १९५३ मध्ये तो लंडनच्या सेंट स्टीफन वॉलब्रुक या चर्चमध्ये होता. त्याच्या मनात आलं, आगीसाठी फोन आहे, पोलिसांसाठी फोन आहे, मग जगणं नकोसं झालेल्या माणसासाठी का नसावा? २ नोव्हेंबर १९५३ रोजी त्याच्या चर्चमधल्या फोनवर अशा मदतीसाठी पहिला फोन आला. नंबर होता 'मॅन्शन हाउस ९०००'.

आता खरी गंमत पुढे आहे. बातमी पसरली तशी माणसं फोन करू लागली, प्रत्यक्षही येऊ लागली. व्हारा एकटा, आणि बाहेर रांग! मग काही साधीसुधी माणसं मदतीला आली. आलेल्यांना बसवायचं, चहा करून द्यायचा, नंबर येईपर्यंत दोन शब्द बोलायचे, एवढंच त्यांचं काम. थोड्याच दिवसांत व्हाराच्या लक्षात आलं, की यातली बरीच माणसं आपल्याला न भेटताच शांत होऊन घरी जाताहेत! त्या चहा देणाऱ्यांशी बोलूनच त्यांचं ओझं हलकं होत होतं. ते उपदेश करत नव्हते, फक्त मन लावून ऐकत होते.

व्हारानं ओळखलं, औषध हेच आहे. फेब्रुवारी १९५४ मध्ये त्यानं फोन उचलायचं काम या स्वयंसेवकांकडेच सोपवलं. त्या आधी, डिसेंबरात, एका वर्तमानपत्रानं बातमीच्या मथळ्यात त्यांना 'समॅरिटन्स' म्हटलं होतं. तेच नाव पुढे कायम झालं. तो जुना टेलिफोन त्या चर्चमध्ये जपून ठेवलेला आहे.

कॉलेजातली मुलं, कॉलेजातल्या मुलांसाठी

पुढे १९७० साली इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात आणखी एक पाऊल पडलं. विद्यार्थ्यांना सगळ्यात एकटं कधी वाटतं? दिवसा वर्ग असतो, कँटीन असतं. पण रात्री? खोलीचं दार लावलं की मनातले विचार मोठमोठ्यानं बोलायला लागतात. तेव्हा ऑफिस बंद, सर-मॅडम झोपलेले, घरच्यांना उठवायला नको वाटतं. म्हणून तिथे रात्रीचा फोन सुरू झाला. त्याचं नाव 'नाइटलाइन'. फोन करणारे विद्यार्थी आणि उचलणारेही विद्यार्थीच! अर्थात, उचलणाऱ्यांना आधी रीतसर शिकवलेलं असतं. ते नाव विचारत नाहीत, शहाणपण शिकवत नाहीत. आज ब्रिटनमधल्या अनेक विद्यापीठांत अशा नाइटलाइन चालतात.

आपल्याकडे काय आहे?

आपणही मागे नाही बरं का! १९८६ साली चेन्नईत डॉ. लक्ष्मी विजयकुमार या मनोविकारतज्ज्ञांनी 'स्नेहा' ही संस्था काढली. तिथेही साधे स्वयंसेवकच ऐकण्याचं काम करतात. नापास झालेल्या मुलांचं वर्ष वाया जाऊ नये, फेरपरीक्षा लगेच व्हावी, यासाठीही या संस्थेनं पाठपुरावा केला. विचार किती साधा आहे बघा! 'पुढची संधी वर्षभरानं' म्हटलं की ती डोळ्यांना दिसतच नाही. 'पुढची संधी पुढच्याच महिन्यात' म्हटलं की माणूस डोळे पुसून पुस्तक उघडतो. महाराष्ट्रातही दहावीची फेरपरीक्षा ऑक्टोबरऐवजी जुलैत घ्यायला २०१५ मध्ये सुरुवात झाली.

ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' सुरू केली. मनाच्या आरोग्याबद्दल मराठीतून, घरातल्या भाषेत बोलायची सवय अनेक घरांना या संस्थेनं लावली. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतून १९९६ साली मुलांसाठीच्या 'चाइल्डलाइन' १०९८ ची सुरुवात झाली. त्याच संस्थेनं २०१२ मध्ये 'आयकॉल' ही फोनवरून समुपदेशन करणारी सेवाही सुरू केली.

आणि १० ऑक्टोबर २०२२ रोजी, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनी, केंद्र सरकारनं सगळ्या देशासाठी 'टेली-मानस' सुरू केलं. आपला १४४१६ तो हाच! दिवस-रात्र चालू, फुकट, आणि मराठीसह सुमारे वीस भाषांत. बंगळुरूची 'निम्हान्स' ही मोठी संस्था त्याच्या कामाची सूत्रं सांभाळते. सुरू झाल्यापासून या नंबरवर २० लाखांहून जास्त फोन आले आहेत. म्हणजे मदत मागणारे आपण एकटेच नाही, हे कळलं ना?

फोन लावला की काय होतं?

"पण बोलायचं काय?" हा प्रश्न मोठ्यामोठ्यांनाही पडतो. म्हणून आधीच सांगून ठेवतो.

आधी भाषा निवडायला सांगतात. आपण मराठी निवडायची. मग शिकलेला समुपदेशक बोलायला येतो. भारी भारी शब्द लागत नाहीत. "मला फार वाईट वाटतंय आणि कुठून सुरुवात करू तेच कळत नाही," एवढं म्हटलं तरी पुरे. नुसतं रडू आलं तरी चालतं! समोरचा थांबतो.

"एवढ्याशा गोष्टीसाठी कुणी रडतं का?" असं तो म्हणत नाही. "माझ्या वेळी तर..." अशी लांबलचक गोष्टही सुरू करत नाही. तो विचारतो, काय झालं? कधीपासून? झोप लागते का? सोबत कोण आहे? आणि एक प्रश्न अगदी सरळ विचारतो : "जीव द्यावासा वाटतोय का?"

हा प्रश्न वाचून दचकलात? पुष्कळ मोठ्या माणसांना वाटतं, की असं विचारलं तर नको तो विचार डोक्यात शिरेल. तसं होत नाही, हे अभ्यासानं दिसलेलं आहे. उलट, जे कुणापाशी बोलता येत नव्हतं ते बोलायला वाट मिळते आणि छातीवरचा दगड जरा सरकतो.

मग दोघं मिळून पुढच्या काही तासांची आखणी करतात. पुढच्या दहा वर्षांची नाही, फक्त आजच्या रात्रीची! एका कागदावर चार-पाच गोष्टी लिहायच्या. माझं मन बिघडायला लागलं की आधी काय होतं? तेव्हा मला कशानं बरं वाटतं (गाणी, अंघोळ, गच्चीवर फेरी)? सोबतीला कुणाकडे जाऊ? खरं खरं कुणाला सांगू? आणि कुठला नंबर फिरवू? हा कागद उशाशी ठेवायचा. वादळात कप्तान नकाशा काढत बसत नाही. तो आधीच काढून ठेवलेला असतो.

एवढं कशासाठी? तर जीव नकोसा होण्याची ती तीव्र घडी बहुतेक वेळा कायमची नसते. ती लाटेसारखी येते, डोक्यावरून जाईल असं वाटतं, आणि ओसरते. ती ओसरेपर्यंत माणसाला एकटं सोडायचं नाही, यासाठी ही सगळी धडपड. केटी नंतर सुटते, कर्ज फिटतं, भांडण मिटतं. पण त्यासाठी माणूस हवा ना!

गरज वाटली तर समुपदेशक पुढे मनोविकारतज्ज्ञांशी जोडून देतो, किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात कुठे जायचं ते सांगतो. उदासीनता हा आजार आहे, आळस नाही. त्यावर उपचार आहेत आणि त्यानं माणसं बरी होतात. चष्मा लागला तर आपण लपवतो का?

आणखी एक भीती असते. "पोलीस पकडतील का?" नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं स्पष्ट सांगितलंय, की जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस गंभीर ताणाखाली आहे असंच धरायचं, आणि त्याची काळजी घ्यायची. फोनवर बोललेलं जगजाहीर होत नाही. मात्र कुणाचा जीव आत्ता धोक्यात असेल, तर वाचवण्यासाठी इतरांना बोलवावं लागतं, आणि ते योग्यच आहे.

कधी फोन लागायला वेळ लागेल, कधी पहिल्याच बोलण्यात मन मोकळं होणार नाही. तरी सोडायचं नाही. पुन्हा लावायचा. तोवर शेजारच्या खोलीचं दार वाजवायचं!

तुम्ही काय कराल?

आता पुन्हा त्या प्रश्नाकडे येऊ. ताईचा फोन आला तर?

पहिलं, ऐका. मध्ये तोडू नका. "असं बोलू नये" म्हणून गप्प करू नका. "ताई, तू मला सांगितलंस हे बरं केलंस," एवढंच म्हणा.

दुसरं, ती आत्ता एकटी आहे का, ते विचारा. असेल तर खोलीतल्या मैत्रिणीला, रेक्टरबाईंना बोलवायला सांगा.

तिसरं, लगेच मोठ्या माणसाला उठवा. रात्रीचे दोन वाजलेले असले तरी उठवा. आईबाबांना सांगायची भीती वाटत असेल तर आजी, काका, शाळेतल्या बाई, कुणीही विश्वासाचं माणूस चालेल. ताईला एकट्यानं सांभाळायचं काम तुमचं नाही. तुमचं काम निरोप पोचवायचं.

चौथं, नंबर द्या. १४४१६. तिला बोलवत नसेल तर मोठ्यांनी तिच्यासाठी फोन करून विचारलं तरी चालतं. आणि जिवाला त्या क्षणीच धोका असेल तर ११२.

फोन नाही आला, तरी डोळे उघडे ठेवा. नेहमी बडबडणारा दादा गप्प झालाय, जेवणावरून उठतोय, आवडती बॅट किंवा पुस्तकं वाटून टाकतोय, 'आता माझं काय राहिलंय' असं म्हणतोय. ही थट्टा नव्हे. जाऊन विचारा, "दादा, बरं आहे ना? खरं सांग."

आईबाबा, हा भाग तुमच्यासाठी

मूल फोनवर "नापास झालो" म्हणतं, तेव्हा पहिले दहा सेकंद फार मोलाचे असतात. त्या दहा सेकंदांत "फी किती भरली माहीत आहे का?" असं निघालं, की पुढचा फोन येत नाही. "जेवलास का? ये घरी, बघू आपण," असं निघालं, की पुढचं सगळं कळतं. रागवायचं असेल तर नंतर आठवडा पडलाय!

'मार्क किती?' याच्या आधी 'झोप लागते का?' हे विचारत चला. मूल खचलेलं दिसलं तर त्या दिवसांत त्याला एकटं ठेवू नका, जिवाला धोका होईल अशा वस्तू घरात हाताशी राहू देऊ नका, आणि डॉक्टरकडे जायला लाजू नका.

कॉलेजकडूनही मागायचं ते मागा. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये सांगितलं आहे, की १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक शिकलेला समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. टेली-मानससारखे नंबर वर्गांत आणि होस्टेलमध्ये ठळक अक्षरांत लावलेले हवेत. मार्कांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडायच्या नाहीत, चारचौघांत अपमान करायचा नाही. हे नियम कोचिंग क्लासलाही लागू आहेत. तेव्हा प्रवेश घेताना लायब्ररी आणि मेस बघता, तसा समुपदेशकाच्या खोलीचा दरवाजाही बघा. आणि तो उघडा असतो का, हेही विचारा.

या आठवड्याचा गृहपाठ

एक छोटं कार्ड घ्या. त्यावर तुमच्या सुंदर अक्षरात खालचे नंबर लिहा. रंगवा हवं तर! आणि कॉलेजातल्या दादाला किंवा ताईला द्या. बाहेरगावी असतील तर पोस्टानं पाठवा. खाली एकच ओळ लिहा : 'कधीही फोन कर, मी जागा आहे.' मुली 'जागी आहे' लिहितील!

१४४१६ : टेली-मानस. मनाच्या कुठल्याही त्रासासाठी, दिवस-रात्र, फुकट, मराठीतही.
१०९८ : चाइल्डलाइन. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी.
११२ : जिवाला तातडीचा धोका असेल तेव्हा.

आणि हो, कार्ड पाठवण्याआधी न बघता एकदा म्हणून दाखवा बघू. चौदा...